किती शांत झाली होती ताई

रेश्माचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर नव्या तांदळाला ऊन देत होते. ती रडत नव्हती. “मावशी, आई गेल्या,” एवढंच म्हणाली आणि तिनं फोन भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींनी तो कानाला लावला असावा, कारण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. रेश्मा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, द्वारकाताईची सून, आणि भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथं गाडी बदलून टोकावडे आणि मग वैशाखरे, हा रस्ता मी आयुष्यभर ताईला भेटायला जाताना धरला. त्या दिवशी तो कसा संपला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ओटीवर बायका बसल्या होत्या, ताईला आंघोळ घालून झाली होती, आणि मी तिच्या पायाशी बसल्यावर मागून कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, “मरणाआधी वरीसभर किती शांत झाली व्हती गो. देवानं सुधारून मंग नेली तिला.” दुसरीनं मान डोलावली. तिसरी म्हणाली, “कोनाला उलटून बोल नाय.” बायका प्रेमानंच बोलत होत्या. मी मान खाली घालून ऐकलं. त्या म्हणत होत्या तसा एक काळ होता खरा. तो शांतपणा नव्हता, तो ताईचा आजार होता, आणि तो संपून ताई पुन्हा आमची ताई झाली होती. पण तिथं, त्या वेळी, हे कुणाला आणि कसं सांगणार?

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ताई म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ताईचा आवाज आधी यायचा, ती नंतर. आमचं माहेर म्हशाजवळचं. लहानपणी एकदा जत्रेच्या गर्दीत मी हरवले होते. बैलांच्या बाजारात, धुळीत, नुसते पाय आणि शेपट्या दिसत होत्या, आणि कुणीतरी अनोळखी बाई मला गुळाचा खडा देऊन गप्प करू पाहत होती. तेवढ्यात दुरून ताईचा आवाज आला. ती मला हाका मारत नव्हती, शिव्या घालत होती. “शके, मेले, तंगडी तोडून हातात देईन, हाय तिथं उभी ऱ्हा!” तो आवाज ऐकल्याबरोबर माझं रडणं थांबलं. सापडल्यावर तिनं मला एक थोबाडीत दिली, मग गोडीशेव घेऊन दिली, आणि घरी पोचेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. शेवटी तिचाच घसा बसला. तेव्हा तीही परकर नेसणारी मुलगीच होती.

लग्न होऊन मी शहापूरला आले. मला पुढं शिकून शिक्षिका व्हायचं होतं आणि सासूबाईंना ते पसंत नव्हतं. मी ताईला काही कळवलं नव्हतं, पण तिला कुठून कळलं कोण जाणे, एक दिवस ती भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. सासूबाईंनी पाणी दिलं ते प्यायली नाही. “सोयरेबाय,” म्हणाली, “दावं म्हशीला बांधतात. सुनेला नाय.” सासूबाई चिडल्या, आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण कॉलेजचा अर्ज मी भरला तेव्हा अडवलंही नाही. पुढं मी शाळेत विज्ञान शिकवू लागले, तेव्हा ह्याच सासूबाई शेजारणींना माझी शाळा दाखवायला आणत. ताईच्या तोंडाला लोक घाबरायचे ते ह्यासाठी, आणि अडचणीत तिच्याकडेच यायचे तेही ह्यासाठीच.

वैशाखऱ्याला रस्त्याच्या कडेला तिची खानावळ होती. माळशेज उतरून कल्याणच्या बाजाराकडं जाणाऱ्या भाजीच्या गाड्या पहाटे तिथं थांबायच्या. तांदळाची भाकरी, झुणका, सुकटीची चटणी, कधी वांग्याचं भरीत. पावसाळ्यात धबधबे बघायला शहरातली पोरं यायची, तेव्हा गर्दी दुप्पट. एकदा अशीच काही पोरं मागच्या ओढ्यात बाटल्या भिरकावून जेवायला येऊन बसली. ताईनं भाकरी तव्यावरून काढली, टोपलीत ठेवली आणि वर फडकं झाकलं. “आदी ओढ्यात उतरा, बाटल्या येचा, मंग भाकरी.” पोरं हसली. ताई हसली नाही. त्यातला एक जरा आवाज चढवून काही बोलला, तर बाकावर बसलेले ड्रायव्हर उठून उभे राहिले. पोरं उतरली. बाटल्या वेचून वर आली तेव्हा ताईनं त्यांना इतकं वाढलं की त्यांना उठवेना, आणि वाढताना सगळा वेळ त्यांच्या आयांचा उद्धार चालू होता.

भाऊजी ह्याच्या अगदी उलटे. शेतात रमणारे, घरात फार न बोलणारे. ताई एकटी दोघांचं बोलायची. सून म्हणून रेश्मा आली तेव्हा पहिले काही महिने ती फोनवर माझ्यापाशी रडायची. “मावशी, मी पाणी कसं ओतते ह्यावरून पण बोलतात.” मी तिला सांगायचे, ज्या दिवशी बोलायची थांबेल त्या दिवशी घाबर. हे मी गमतीनं म्हणत असे.

गेल्या वर्षी म्हशाची जत्रा तोंडावर आली होती तेव्हा हे घडलं. सकाळी ताई चुलीपुढं भाकरी थापत होती. डावा हात आधाराला धरायचा आणि उजव्यानं फिरवत थापायची, अशी तिची पद्धत. भाकरी डाव्या बाजूनं निसटून परातीबाहेर पडली. ताई आपल्याच हातावर ओरडली, “अगो मेले, धर की!” दुसरी घेतली, तीही पडली. रेश्मा वळून बघते तर ताईचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि ती अजून हाताला बोलतेच आहे, पण शब्द लडबडलेले. भाऊजींना पित्त वाटलं. रेश्मा मात्र थांबली नाही. ताईचा नेहमीचा एक ड्रायव्हर टोमॅटोची गाडी घेऊन दारात उभा होता, त्यानं जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि ताईला पुढच्या सीटवर घेऊन गाडी मुरबाडला पळवली. तिथून पुढं मोठ्या इस्पितळात. वेळेत आणलं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती, म्हणून डावा हात आणि पाय गेला होता. पाय परत येईल, हात थोडा मागं राहील, बोलणं सुधारेल… आणि तसंच झालं.

त्या वॉर्डात एक तरुण डॉक्टरबाई होती. तिनं आम्हाला बाजूला बसवून समजावून सांगितलं. लकवा मारून गेल्यावर बऱ्याच पेशंटना पुढं उदासीनतेचा आजार होतो. हात-पाय गेल्याचं दुःख असतंच, पण तेवढंच त्याचं कारण नसतं. मेंदूला इजा झाली की शरीरात सूज वाढवणारी द्रव्यं पसरतात, ताणाचं जे संप्रेरक सकाळी चढून रात्री उतरायला हवं त्याची लय बिघडते, मेंदूच्या पेशींना धरून ठेवणारी काही प्रथिनं कमी पडतात. ह्याच्या खुणा रक्तात, लाळेत आधीच दिसतात का, म्हणजे कुणाला हा आजार होईल ते वेळेवर ओळखता येईल का, हे त्यांचा गट शोधत होता. त्यासाठी ताईचं थोडं रक्त आणि लाळ देणार का, असं तिनं विचारलं. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही, हेही सांगितलं.

ताई तेव्हा पूर्ण शुद्धीत होती आणि पूर्ण ताई होती. आदल्या दिवशी तिनं पलंगाखालचा केर दाखवून वॉर्डातल्या झाडूवाल्या मावशीबाईंना झापलं होतं, अडखळत्या जिभेनं. डॉक्टरला म्हणाली, “घे बाय, रगत घे. सापडला काय तं मला सांग.” मग सकाळ-संध्याकाळ लाळेसाठी नळी पुढं आली, तेव्हा मात्र तिचा पारा चढला. “आख्खा जलम पोरांना सांगते थुकू नका, न् ही शिकलेली बाय नळी धरून बसलीय थुका म्हनून.” शेजारच्या खाटेवरची आजारी बाईसुद्धा हसली. डॉक्टर इतकी हसली की तिला नळी खाली ठेवावी लागली.

घरी सोडताना डॉक्टरबाईनं आम्हा सगळ्यांना पुन्हा सांगितलं. “हाताचे व्यायाम तुम्ही कराल, त्याची मला काळजी नाही. मनाकडे बघा. रडल्या तर तुम्हाला कळेलच, पण पुष्कळदा माणूस रडत नाही, नुसता मिटत जातो. झोप, जेवण, बोलणं… त्यांचं जे नेहमीचं आहे ते बदललं तर मला फोन करा.” आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊजींनी, रेश्मानं, ताईच्या मुलानं, महेशनं, मी. शाळेत नववीच्या वर्गाला मी संप्रेरकं शिकवते. फळ्यावर ताणाचं ते संप्रेरक सोडणारी, मूत्रपिंडाच्या डोक्यावरची ती टोपीसारखी ग्रंथी मी डोळे मिटून काढू शकते. डॉक्टरचं बोलणं त्या खोलीत सगळ्यात जास्त मलाच समजलं असेल.

पहिले काही आठवडे घरात एकच ध्यास होता, ताईचा हात. रबराचा चेंडू, कोमट पाण्यात बोटं, भिंतीवर हात सरकवत वर न्यायचा. महेश रोज कामावरून फोन करून विचारायचा, आज हात किती वर गेला. पाय छान सुधारला. होळीच्या सुमाराला ताई काठी न घेता अंगणात फिरत होती. खानावळ रेश्मानं सांभाळायला घेतली होती. येणारे-जाणारे ताईला बघून म्हणायचे, चांगली बरी झाली की. आणि त्याच सुमाराला रेश्माचा मला आनंदानं फोन आला. “मावशी, खरं नाय वाटायचं तुम्हाला. आज माझ्याकडून डाळ खारट झाली, एवढी खारट की गिऱ्हाइकानं परत केली. आई तीच जेवल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. देवमाणूस झाल्यात अगदी.” मी म्हटलं, आजारानं माणूस निवतो गं. मलाही बरं वाटलं होतं. रेश्मासाठी बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ताईसाठीही… इतकी वर्षं सगळ्यांशी भांडत आली, आता जरा निवांत बसू दे तिला.

मग सगळेच ते म्हणू लागले. गावातल्या बायका म्हणाल्या, देवानं हात घेतला पण शांती दिली. महेश म्हणाला, आईशी आता दोन गोष्टी बोलता येतात. भाऊजी काही म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा सैल झाला होता, एवढं मला दिसलं. खानावळीमागच्या छोट्या खोलीत ताई दिवसभर बसून असायची. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बसायची, तर आम्ही म्हणायचो, सवयच आहे तिला. जेवण अर्धं व्हायचं, तर हालचाल कमी म्हणून भूक कमी. फोनवर माझ्याशी “हां”, “बरं”, “ठेव” एवढंच, तर जीभ अजून जड असेल. प्रत्येक गोष्टीला आमच्यापाशी उत्तर होतं. इस्पितळात पुन्हा दाखवायला जायची वेळ आली तेव्हा पाय एवढा सुधारलाय, तर इतक्या लांब कशाला तिची ओढाताण करा, असं ठरलं. ताईला विचारलं. ती म्हणाली, “तुमी म्हनाल तसं.” तिच्या तोंडून हे वाक्य मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तरी त्या दिवशी ते ऐकून कुणीच चमकलं नाही. आज वाटतं, तिचा तो आजार आम्हा सगळ्यांच्या सोयीचा होता, म्हणून तो आम्हाला आजार वाटला नाही.

ज्येष्ठात शहापूरच्या बाजारात शेवळं आली, पहिल्या पावसाची रानभाजी. ताईला शेवळाच्या भाजीचं वेड. ती भाजी मोठी खाजरी. काकडांची आंबट फळं पुरेशी घातली नाहीत तर घशाला काटे टोचल्यासारखं होतं. ताईच्या हातची भाजी कधी खाजली नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातची तिनं कधी धड खाल्ली नाही. मी शेवळं घेऊन वैशाखऱ्याला गेले, रेश्माला म्हटलं आज मी करते. काकडं बाजारात कमीच मिळाली होती, मी चिंचेवर भागवलं. सगळे एकत्र जेवायला बसलो. पहिल्या घासालाच महेश खोकायला लागला. रेश्मानं घास तसाच बाजूला काढला. भाऊजींनी पाण्याचा तांब्या उचलला. माझाही घसा पेटला होता, आणि मी हसत ताईकडं वळले, आता माझी कशी खरडपट्टी निघते ते ऐकायला.

ताई जेवत होती. एका हातानं भाकरी मोडून, भाजीत बुडवून, सावकाश. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, खाजेचं. ओठ लाल झाले होते. तिनं मध्ये एकदा घसा खाकरला, आणि पुढचा घास घेतला. ताटातली सगळी भाजी संपवली आणि हात ताटाकडेला ठेवून बसून राहिली. “ताई,” मी म्हटलं, “खाजली नाही का गं तुला?” ती म्हणाली, “खाजली.” बास, एवढंच. त्या एका शब्दात ना चीड होती, ना थट्टा, ना दुःख. त्याच दुपारी मी अंगणात उभं राहून त्या डॉक्टरला फोन लावला. तिनं पहिला प्रश्न विचारला, “कधीपासून?” मी मनात महिने मोजत होळीपर्यंत मागं गेले.

दुसऱ्या दिवशी महेशनं सुट्टी टाकली आणि आम्ही तिला घेऊन गेलो. मला वाटत होतं, डॉक्टरबाई आता रक्त तपासेल आणि कागदावर काहीतरी उमटेल. मी तसं विचारलंही, की पहिल्यांदा घेतलेल्या रक्तात काही दिसलं होतं का. तिनं मान हलवली. ते नमुने अजून गोठवून ठेवलेले आहेत, म्हणाली. पुष्कळ पेशंटचे एकत्र तपासल्यावर काही खुणा पुढं येतात, पण एका माणसाच्या रक्तावरून त्याला हा आजार आहे की नाही हे सांगेल अशी चाचणी अजून कुणापाशीच नाही. “तोपर्यंत एकच उपाय आहे, त्यांच्याशी बोलणं.” मग खुर्ची पुढं ओढून ती ताईच्या समोर बसली आणि बोलत राहिली. आम्ही मागं उभे होतो.

“कशाचं वाईट वाटतं का, ताई?”

“वाईट नाय वाटत.” डॉक्टर थांबून राहिली. “राग पन नाय येत.”

“आधी यायचा?”

“लय यायचा.” ताईनं डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. “ही रेश्मा डाळीत मीठ जास्ती टाकते. मला कलतं. कुपन तुटलंय, गुरं शेतात शिरतील, ते पन कलतं. बोल तोंडाशी येतो न् मागं जातो. वाटतं, कशाला? सांगून काय व्हनार?… जेवते, तं माती खाल्ल्यागत लागतं. सकाल झाली का वाटतं, परत आख्खा दिस.”

रेश्मानं पदर तोंडात कोंबला. इतके महिने ताईला सगळं कळत होतं. मीठ, कुंपण, सगळं. आम्ही समजत होतो की तिनं ते सोडून दिलंय.

गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, रोज फिरवा, एकटं बसवू नका, हे सांगितलं होतं. ह्या वेळी आम्ही ऐकलं. आणि ज्यानं सगळ्यात जास्त केलं तो माणूस म्हणजे आमचे न बोलणारे भाऊजी. ते रोज शेतावरून आले की ताईजवळ बसून बोलायला लागले. त्यांना बोलायची सवय नव्हती, म्हणून काय दिसलं ते नुसतं सांगत सुटायचे. भाताची आवण कुठवर आली, बांधावर खेकडे किती निघाले, कुणाच्या गाईनं कालवड दिली. ताई उत्तर द्यायची नाही. तरी ते सांगत राहायचे. मला एकदा म्हणाले, “मला वाटलं, थकली. थकल्याला बोलवायचं कशाला, म्हनून गप ऱ्हायलो.” एवढं सांगून ते गोठ्याकडे निघून गेले.

नवरात्रात एका सकाळी रेश्माचा फोन आला. मी शाळेत होते, वर्गाबाहेर येऊन घेतला. ती हसत होती की रडत होती ते मला कळेना. “मावशी, आईंनी मला शिव्या घातल्या! झुणक्याची फोडणी करपली, तर तिथनं ओरडल्या, तुझ्या आयशीनं तुला काय शिकवलं म्हणून. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर!” पाठीमागून ताईचा आवाज येत होता, “कोनाला सांगतेस गो? फडकं घे आदी, तवा जलतोय!” मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. वर्गातल्या मुली दाराशी येऊन बघायला लागल्या, बाईंना काय झालं म्हणून.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. ताई चुलीजवळ खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. भाकरी तिला थापता येत नव्हती, पण रेश्माची भाकरी कुठं जाड राहिली ते ती लांबून सांगायची. कापणी उरकल्यावर मी दोन दिवस राहायला गेले. माझे पांढरे केस, माझी वाळलेली मनगटं, माझ्या मुलीचं लांबलेलं लग्न, सगळ्यावर तिनं यथेच्छ तोंड सोडलं. निघताना मी वाकले तर तिनं माझं मनगट धरून खाली बसवलं. त्या महिन्यांबद्दल ती एकदाच बोलली, ते तेव्हा. “शके, तवा मी तुमाला बघत व्हते. समदी किती गोड वागत व्हती माझ्याशी.” माझं मनगट तिनं अजून धरलेलंच होतं. “येखादा तरी भांडला असता माझ्याशी, तं बरं झालं असतं.”

ते आमचं शेवटचं बोलणं. थंडी वाढली आणि एका पहाटे तिला दुसरा झटका आला, तो मोठा होता. ह्या वेळी गाडीत घालेपर्यंतही ती थांबली नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी डॉक्टरला फोन केला. मला एकच विचारायचं होतं. ते मधले महिने वाया गेले नसते, तर? तिनं मला खोटा धीर दिला नाही. म्हणाली, तसं खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. मनाचा हा आजार लांबला की जेवण-झोप बिघडते, औषधं चुकतात, हालचाल थांबते, शरीरावर ताण राहतो आणि पुन्हा झटका येण्याचा धोका वाढतो, एवढं माहीत आहे. तुमच्या ताईंच्या बाबतीत नेमकं काय झालं ते माहीत नाही. मग म्हणाली, “ती लाळेची नळी… मी अजून सगळ्यांना सांगते तो किस्सा.” तिची शोधाशोध चालू आहे. कधीतरी त्यांना ती खूण सापडेल आणि कुणाच्या तरी घरात वेळेवर फोन जाईल, असं मनापासून वाटतं. पण आमच्या घरात खुणांचा तुटवडा नव्हता. नेहमी बोलणारी बाई गप्प झाली होती, ही खूण वाचायला कुठलीच नळी लागत नव्हती.

गेल्या आठवड्यात वैशाखऱ्याला जाऊन आले. ताईची मागची खोली आवरायची होती. साड्या काढल्या, गोधड्या उन्हात घातल्या. मग भिंतीकडे लक्ष गेलं. जमिनीपासून दीड हात उंचीवर चुन्यावर एक काळपट गोल डाग होता. ताई जिथं टेकून बसायची तिथला, डोक्याच्या तेलाचा. त्या गप्प महिन्यांत रेश्मा तिला रोज तेल लावून वेणी घालायची. महेश रंग द्यायचा म्हणत होता, भाऊजींनी नको म्हटलं. मी त्या डागाला डोकं टेकून बसले. समोर दार होतं, आणि दारातून सगळं दिसत होतं. चूल, परात, बाकं, रस्त्यावर थांबलेल्या गाड्या, चुलीपुढची रेश्माची पाठ. तिथून हाक मारली तर चुलीपाशी सहज ऐकू जाईल एवढंच अंतर. आणि चुलीपासून इकडं बघायला फक्त मान वळवावी लागली असती.

मी किती वेळ बसले कोण जाणे. रेश्मा भाकरी थापता थापता थांबली, वळली, आणि मला तिथं बसलेली बघून उठून आत आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. हाताला ओलं पीठ तसंच होतं.

“मावशी, गप का बसल्या तुमी? काय होतंय? बोला ना.”

बाहेर गिऱ्हाईक भाकरीसाठी हाका मारत होतं. ती उठली नाही.